फासे यंत्राच्या हाती

'पूल ऑफ रेडिअन्स'मध्ये वाटेत कोणी आडवं आलं आणि तलवार उपसण्याआधी बोलून बघायचं ठरवलं, की पडद्याच्या तळाशी पाच शब्द उमटतात: उर्मटपणे, धूर्तपणे, गोडीनं, नमतं घेऊन, शिवीगाळ करत. यातला एक निवडायचा. काय बोलायचं ते सांगायची सोय नाही. कुठल्या सुरात बोलायचं तेवढंच आपल्या हातात. गोडीनं बोललं तर समोरची टोळी एखादी बातमी देऊन वाटेला लागेल, नाहीतर तेवढ्यानंच खवळून अंगावर येईल. ज्या खेळावरून हा गेम तयार झाला, त्यात हाच प्रसंग अर्धा तास रंगू शकतो. कोणी ऑर्कच्या म्होरक्याला दारू देऊ करतो, कोणी धडधडीत खोटं बोलतो, कोणी सगळं जुळत आलेलं असताना मध्येच बाण सोडतो. टेबलाच्या टोकाला बसलेला एक माणूस हे सगळं ऐकून घेतो आणि ऑर्क आता काय करतील ते ठरवतो. १९८८ साली त्या माणसाच्या जागी कॉमोडोर ६४ हे यंत्र बसवायचं होतं. त्याची सगळी मेमरी ६४ किलोबाइट. त्या हिशेबानं पाच शब्द म्हणजे चैनच म्हणायची.

हे पुस्तक 'गोल्ड बॉक्स' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालिकेबद्दल आहे. नाव पडलं ते गेमच्या खोक्याच्या सोनेरी रंगावरून. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स, म्हणजे एसएसआय, या कंपनीनं १९८८ पासून पाच वर्षांत एकाच सांगाड्यावर डझनभर गेम उभे केले. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाचे नियम, नुसतं नाव आणि चित्रं न उचलता, जवळजवळ तसेच्या तसे कॉम्प्युटरवर आणणारी ही पहिली अधिकृत मालिका. २०२३ साली बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' आला आणि जगभरचे पुरस्कार घेऊन गेला. तो खेळून या वाटेला लागलेल्या वाचकाला गोल्ड बॉक्सचे पडदे पहिल्यांदा बघताना हसूच येईल. कोपऱ्यात लहानशी खिडकी, तीत विटांच्या भिंती, शेजारी सहा नावांची यादी. पण त्या यादीत जे आकडे आहेत तेच, थोडे बदलून, आजही चालतात.

मूळ खेळाची ओळख करून द्यायला हवी, कारण त्याशिवाय गोल्ड बॉक्समधलं काहीच उलगडत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली तीन पातळ पुस्तिकांचं एक खोकं विकायला काढलं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. खेळणारे चार-सहा जण एकेक पात्र घेतात: कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी देवाच्या नावानं जखमा भरून काढणारा क्लेरिक. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो डन्जन मास्टर. भुयारं त्याची, राक्षस त्याचे, गावचा खानावळवाला आणि राजवाड्यातला राजाही तोच. बाकीचे सांगतात आम्ही काय करतो. तो सांगतो पुढे काय होतं. जिथे दोन्ही बाजूंनी काहीही घडू शकतं तिथे फासे पडतात.

या खेळाचा जन्म युद्धखेळांतून झाला, आणि माझ्या मते गोल्ड बॉक्सची नाळ तिथेच सापडते. गायगॅक्सनं १९७१ साली जेफ पेरेनबरोबर 'चेनमेल' नावाचं एक पुस्तक काढलं होतं. टेबलावर मध्ययुगीन शिपायांच्या छोट्या प्रतिमा मांडून लढाया कशा करायच्या याचे नियम त्यात होते, आणि मागे जोडलेल्या पुरवणीत जादूगार, ड्रॅगन वगैरे मंडळी. अर्नेसननं त्याच्या 'ब्लॅकमूर' या जगात पलटणी बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक खेळाडूला एकच माणूस दिला, त्याला भुयारात उतरवलं आणि जगून वाचून आला तर पुढच्या वेळी तोच माणूस थोडा अधिक बळकट होऊन परत येईल असं केलं. एवढ्या बदलानं खेळाची जातच बदलली. तरी हाडं युद्धखेळाचीच राहिली. किती अंतरावरून बाण लागतो, चिलखताचा किती उपयोग, धीर कधी सुटतो, हे सगळं आकड्यांत बांधलेलं.

पुढे १९७७ ते १९७९ या काळात 'अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं तीन जाड पुस्तकं आली आणि नियमांचं जंगल माजलं. तक्ते, उपतक्ते, तक्त्यांना अपवाद, अपवादांना तळटिपा. पण याच पुस्तकांत गायगॅक्सनं हेही स्वच्छ लिहून ठेवलं की शेवटचा शब्द डन्जन मास्टरचा. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये नियम पोरांना पाठ असतात, पण चेंडू शेजाऱ्यांच्या गच्चीत गेला तर आउट की सिक्स हे जमलेली मंडळीच ठरवतात. इथेही तसंच अभिप्रेत होतं. नियम कडक लिहिलेले होते, कारण ते वाकवणारा माणूस टेबलावर असणार हे गृहीत होतं.

यंत्राला वाकवता येत नाही. गोल्ड बॉक्सबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, आणि पुढची सगळी प्रकरणं याच एका गोष्टीभोवती फिरतात. एसएसआयनं नियमपुस्तक उचललं आणि ते वाकवणाऱ्या माणसाला वगळून चालवून दाखवलं. त्यामुळे या नियमांत मुळातच काय सुंदर होतं आणि काय निव्वळ माणसाच्या भलेपणावर तगून होतं, हे पहिल्यांदा उघडं पडलं.

कॉम्प्युटरवर भुयारं उतरवण्याचा खटाटोप त्याआधीही झाला होता. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी १९७५ च्या सुमारासच असे गेम लिहिले होते. १९८१ च्या 'विझर्ड्री'नं सहा जणांची टोळी आणि मंत्रांची पातळी उचलली, 'अल्टिमा'नंही बरंच काही घेतलं. परवाना कोणाकडेच नव्हता. मॅटेलनं १९८२ साली इंटेलिव्हिजनवर अधिकृत नावाचा एक गेम आणला, पण त्यात नाव सोडलं तर मूळ नियमांचा मागमूस नव्हता. मूळ खेळाची मालक कंपनी टीएसआर. तिनं १९८७ साली कॉम्प्युटरचा परवाना द्यायचं ठरवलं तेव्हा मोठमोठ्या कंपन्या रांगेत होत्या. परवाना मिळाला एसएसआयला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे नवल वाटलं असेल. एसएसआय ही जोएल बिलिंग्सनं १९७९ साली काढलेली कंपनी. त्याला लहानपणापासून युद्धखेळांचं वेड. कंपनीचा पहिला गेम 'कॉम्प्युटर बिस्मार्क' जर्मन युद्धनौकेच्या पाठलागावरचा. त्यानंतरही रणगाडे, आरमारं, अमेरिकन यादवी युद्धातल्या लढाया. चित्रं यथातथा, आवाज जवळजवळ नाहीच, पण हिशेब पक्का. 'विझर्ड्स क्राउन' या १९८५ च्या त्यांच्याच गेममध्ये सरदार-जादूगारांच्या टोळीच्या लढाया चौकटींच्या पटावर खेळायची रीत त्यांनी घोटून घेतली होती. म्हणजे युद्धखेळातून निघालेला खेळ चौदा वर्षांनी पुन्हा युद्धखेळवाल्यांच्याच हाती आला. बोलण्यासाठी पाच शब्द आणि लढण्यासाठी अख्खा पट, ही वाटणी त्या घरच्या वळणाची.

आता तो पट जवळून बघू.

'पूल ऑफ रेडिअन्स'मध्ये आपण मूनसी या समुद्राकाठच्या फ्लॅन नावाच्या उद्ध्वस्त शहरात बोटीतून उतरतो. हे सगळं एड ग्रीनवुड या कॅनडातल्या ग्रंथपालानं कल्पिलेल्या 'फरगॉटन रेल्म्स' या जगात घडतं. शहराचा एक कोपरा तटबंदी घालून माणसांनी परत मिळवलेला. तटाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की झोपडपट्टी, आणि तिथे राक्षसांचं राज्य. प्रत्येक विभागाचा नकाशा सोळा बाय सोळा घरांचा. पहिल्या पातळीच्या जादूगाराजवळ एकच मंत्र, तोही एकदाच म्हणता येणारा. अनुभवी खेळाडू डोळे मिटून झोपेचा मंत्र पाठ करतो. दहा-बारा कोबोल्ड चाल करून आले, मंत्र टाकला, की निम्मेअधिक जागच्या जागी आडवे. झोपलेल्याला मारायला एक वार पुरतो. उरलेल्यांवर लढवय्या तुटून पडतो आणि एका दमात तिघा-चौघांना कापत जातो, कारण फुटकळ राक्षसांवर लढवय्याला जास्त वार मिळतात असा नियमच आहे. टेबलावर हा नियम बहुतेक जण विसरूनच जायचे. यंत्र काहीच विसरत नाही.

वार लागला की नाही, त्याचं गणित पाहा. लढवय्याचा एक आकडा असतो, थॅको, सुरुवातीला २०. समोरच्याचा आर्मर क्लास ५ असेल तर विसातून पाच गेले, उरले पंधरा. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा वर पडलं तर वार लागला, म्हणजे शंभरात तीस वेळा. आर्मर क्लास जितका कमी तितकं चिलखत चांगलं, आणि तो शून्याच्या खालीही जातो. हे उलटं गणित नव्या माणसाच्या नाकी नऊ आणतं. टेबलावर प्रत्येक वाराला कोणीतरी तक्ता उघडायचा, वजाबाकी करायचा, मग भांडण. तीस जणांची लढाई म्हणजे अख्खी संध्याकाळ. गोल्ड बॉक्समध्ये तीच लढाई दहा मिनिटांत उरकते. एवढ्या मोठ्या लढाया माणसानं हातानं चालवल्या असत्या तर त्याचा जीव जेरीस आला असता. इथे त्या खेळाचा कणा झाल्या, आणि त्यांत नियमांचं खरं सौंदर्य दिसलं. मंत्र म्हणत असलेल्या जादूगाराला साधा डार्ट जरी लागला तरी मंत्र फुकट जातो. डार्ट तर एका फेरीत तीन फेकता येतात. म्हणून शत्रूचा जादूगार दिसला की आधी त्याच्यावर डार्टांचा मारा. विजेचा लोळ भिंतीवर आपटून परत फिरतो, तेव्हा भिंत किती घरं लांब आहे ते मोजून उभं राहायचं. आगीचा गोळा आपला-परका बघत नाही.

झोपडपट्टीत एका जागी ट्रोल आणि ओगर यांची गाठ पडते. पहिल्या पातळीची टोळी तिथे चुकून शिरली तर फार थोडे परततात. ट्रोलची खोड अशी की मारून पाडला तरी त्याच्या जखमा आपोआप भरत राहतात, आणि काही फेऱ्यांनी तो पुन्हा उठून उभा राहतो. टेबलावर याला उपाय आग किंवा आम्ल. गोल्ड बॉक्समध्ये खेळाडूंनी आणखी एक उपाय हुडकला. ट्रोल ज्या घरात पडला त्या घरावर आपला माणूस नेऊन उभा करायचा. जागाच नाही म्हटल्यावर ट्रोल उठणार कुठे? पण आपला एक माणूस असा प्रेतावर पहारा देत अडकून पडतो, उरलेल्या पाचांवर भार येतो. एका घरासाठी चाललेली ही ओढाताण मला या मालिकेतल्या कुठल्याही कथेपेक्षा जास्त लक्षात राहिलेली आहे.

आता दुसरी बाजू. माणूस काढून घेतल्यावर नियमपुस्तकातलं जे उघडं पडलं, ते सगळंच शोभेचं नव्हतं. अनुभवाचे गुण मिळाले म्हणून पातळी वाढत नाही. प्रशिक्षण शाळेत जाऊन हजार सोन्याची नाणी मोजावी लागतात. नाण्यांना वजन असतं. पुस्तकाप्रमाणे दहा नाण्यांचा एक पौंड. म्हणजे एकाच माणसाची फी शंभर पौंडांची. टेबलावरचा कुठलाही शहाणा डन्जन मास्टर म्हणेल, जाऊ दे, घोड्यावर घातलीत असं समजू. यंत्र समजत नाही. तांब्याची नाणी उचलली की माणूस जड होतो, लढाईत त्याची चाल मंदावते, आणि श्रीमंत लढवय्या दोन घरं सरकून थांबतो. लढाईनंतर जखमा भरायच्या तर क्लेरिकनं मंत्र म्हणायचे, ते संपले की तळ ठोकून झोपायचं, उठून पुन्हा पाठ करायचे, पुन्हा म्हणायचे, पुन्हा झोपायचं. पुढच्या भागांत एकाच कळीत हे सगळं करून देणारी आज्ञा आली तेव्हा खेळणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे बायकांच्या ताकदीवरची मर्यादा. पुरुष लढवय्याची ताकद १८ झाली की पुढे शतमानाचा एक वेगळा आकडा लागतो आणि तो शंभरापर्यंत जातो. मानवी स्त्री लढवय्यीला तो ५० वर अडवलेला. नियमपुस्तकात हे होतं आणि यंत्रानं ते इमानेइतबारे राबवलं. खऱ्या टेबलावर एखाद्या मुलीनं "हे काय?" एवढं विचारलं असतं तरी नियमाचा निकाल लागला असता. एल्फ, ड्वार्फ या माणसांहून वेगळ्या जातींच्या पात्रांना ठरावीक पातळीवर थांबवणारा नियमही असाच. मालिका पुढे जाते तसतशी माणसं वाढत राहतात आणि लाडका एल्फ लढवय्या सातव्या पातळीवर खुंटलेला. एका भागातली पात्रं पुढच्या भागात नेता येणं हा या मालिकेचा मोठा डौल होता. त्यामुळे हे खुंटणं वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहायचं.

एका जागी मात्र एसएसआयनं माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला. पात्र तयार करताना त्याचे गुण फासे ठरवतात, पण शेजारीच 'बदला' अशी एक आज्ञा ठेवलेली. हेतू भला होता: तुमच्या घरच्या टेबलावर खेळत असलेलं पात्र तुम्हाला जसंच्या तसं इथे आणता यावं. आता कोणी विचारायला नाही म्हटल्यावर लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. सहाच्या सहा जण अठरा गुणांचे पुतळे.

यंत्राचं जिथे गाडं अडलं तिथे कागद धावून आला, आणि माझ्या लेखी ही या मालिकेची सर्वांत देखणी बाजू. एका फ्लॉपीच्या एका बाजूवर जेमतेम १७० किलोबाइट मावायचे. गोष्ट लिहायला जागा कुठून आणणार? म्हणून खोक्यात 'अॅडव्हेंचरर्स जर्नल' नावाची पुस्तिका असायची. तिच्यात क्रमांक घातलेल्या नोंदी, गुत्त्यात ऐकू येणाऱ्या अफवा, नगरपरिषदेची जाहीर फर्मानं, हातानं काढलेले नकाशे. गेम एवढंच सांगायचा की तुम्हाला एक चिठ्ठी सापडली, जर्नलमधली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. आगाऊपणा करून आधीच सगळं वाचणाऱ्यांसाठी मध्ये खोट्या नोंदी पेरलेल्या: कधीच न भेटणारे राजे, कुठेच न उघडणारे दरवाजे. चोरून नक्कल केलेला गेम खेळणाऱ्याजवळ पुस्तिका नसायची, त्यामुळे त्यालाही आपोआप चाप. त्याच कामासाठी एकावर एक फिरणाऱ्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या, कोड व्हील, दिलेल्या असत. एल्फ आणि ड्वार्फ लिपीतली चिन्हं जुळवली की खिडकीत शब्द दिसायचा आणि तो टंकला की गेम सुरू. इतकं झालं तर ते नुसतं कुलूप. पण सोकल कीप नावाच्या बेटावरच्या गढीत एल्फ लिपीतले शब्द सापडतात, ते याच चकतीवर लावून वाचायचे आणि मेलेल्या पहारेकऱ्यांपुढे परवलीचा शब्द म्हणून उच्चारायचे. कुलपाची किल्ली कथेतही चालवणारे लोक खेळ समजून होते.

कागदाकडून यंत्राकडे आलेला हा प्रवाह उलटाही वाहिला. 'पूल ऑफ रेडिअन्स'चं कथानक टीएसआरच्या लोकांनी रचलेलं होतं. त्यांनीच १९८८ साली ते 'रुइन्स ऑफ अॅडव्हेंचर' या नावानं टेबलावर खेळण्यासाठी पुस्तकरूपात काढलं. वर्षभरानं कादंबरीही आली.

पहिल्या भागाचं यश नुसत्या नावाचं नव्हतं. उत्तर अमेरिकेत त्याच्या अडीच लाखांहून जास्त प्रती खपल्या. एसएसआयनं त्याआधी असे आकडे पाहिलेले नव्हते. मला त्यात सर्वांत आवडते ती कामाची रीत. नगरपरिषदेचा कारकून कामं देतो. विहिरीजवळचा मोहल्ला, जुनं ग्रंथालय, कापडगिरणी, स्मशान असा एकेक विभाग मोकळा करायचा, आणि कारकुनाकडे जाऊन मजुरी घ्यायची. पुरेशा टोळ्या हरवल्या की तो विभाग खरोखरच शांत होतो. नदीचं पाणी वरच्या अंगाला कोणीतरी नासवतं आहे, परिषदेतलाच एक सभासद आतून फितूर आहे, हे कामं करता करता कळत जातं. जग वाचवण्याच्या बाता नाहीत. एक शहर राहण्याजोगं करायचं आहे. वीस वर्षांनंतरच्या कितीतरी महागड्या गेमना हे प्रमाण साधलेलं नाही.

पुढच्या भागांबद्दल सविस्तर प्रकरणं आहेतच, इथे ओझरतं सांगतो. 'कर्स ऑफ द अझ्युर बाँड्स' (१९८९) सुरू होतो तेव्हा आपली मंडळी एका खाणावळीत जागी होतात. सामान गायब, मागचं काही आठवत नाही आणि हातावर निळ्या रंगाची पाच गोंदणं, पाच वेगवेगळ्या मालकांची. मागच्या भागातून जमवून आणलेल्या जादूच्या तलवारी काढून कशा घ्यायच्या, हा गेम बनवणाऱ्यांचा प्रश्न कथेनंच सोडवला, आणि रागही येऊ दिला नाही, निदान फारसा नाही. 'सीक्रेट ऑफ द सिल्व्हर ब्लेड्स' (१९९०) म्हणजे लांबच लांब भुयार. मला तो मालिकेतला सर्वांत कंटाळवाणा भाग वाटतो. 'पूल्स ऑफ डार्कनेस' (१९९१) चाळिसाव्या पातळीपर्यंत नेतो आणि तिथे नियमच करकरायला लागतात. इतक्या उंचीवर पहिला मंत्र कोणाचा पडतो यावरच लढाई संपते.

दुसऱ्या बाजूला 'ड्रॅगनलान्स'च्या जगातली त्रयी: 'चॅम्पियन्स ऑफ क्रिन' (१९९०), 'डेथ नाइट्स ऑफ क्रिन' (१९९१), 'डार्क क्वीन ऑफ क्रिन' (१९९२). इथल्या ड्रॅकोनियन राक्षसांना मारणं एक आणि त्यांच्या मरण्यातून वाचणं दुसरं. एक जात मरताना फुटते, दुसरीचं आम्लाचं डबकं होतं. चंद्रांच्या कलांप्रमाणे जादूगारांचं बळ कमी-जास्त होतं. लढाई म्हणून पाहिलं तर मालिकेतला सर्वांत नेटका गेम 'चॅम्पियन्स'च, या मतावर मी ठाम आहे, कोणी कितीही वाद घातला तरी. 'सॅव्हेज फ्रंटिअर'चे दोन गेम बाहेरच्या चमूनं केले, आणि दुसऱ्यात तर सोबतचं पात्र आपल्या नायकाच्या किंवा नायिकेच्या प्रेमात पडू शकतं. बक रॉजर्सच्या अंतराळकथांवर दोन गेम निघाले त्यामागे टीएसआरच्या तेव्हाच्या मालकीणबाई लॉरेन विल्यम्स यांच्या कुटुंबाकडे बक रॉजर्सचे हक्क होते, हे कारण. घरचं कार्य असलं तरी त्यातला पहिला गेम चांगला उतरला आहे. १९९१ साली अमेरिका ऑनलाइनवर आलेल्या 'नेव्हरविंटर नाइट्स'मध्ये हाच सांगाडा शेकडो लोकांना एकत्र खेळवू लागला आणि १९९७ पर्यंत चालला. तिथे माणूस परत आला, पण सोबतचा खेळाडू म्हणून. डन्जन मास्टरची खुर्ची रिकामीच होती.

ती खुर्ची १९९३ साली भरली. सांगाडा थकला होता, दुकानांत त्याहून देखणे गेम आले होते, आणि परवान्याची मुदत संपत आली होती. तेव्हा एसएसआयनं 'अनलिमिटेड अॅडव्हेंचर्स' नावानं सांगाडाच विकायला काढला. नकाशे तुम्ही आखा, राक्षस तुम्ही ठेवा, संवाद तुम्ही लिहा. लोकांनी पुढे कित्येक वर्षं त्यात शेकड्यांनी मोहिमा रचल्या. नियम वाकवायचे झाले तर मात्र अजूनही हात बांधलेले, मग काही हुशार मंडळींनी गेमचीच फाइल उकलून राक्षसांचे आकडे, मंत्र, चित्रं बदलायला सुरुवात केली. नियम न पटणारे लोक शेवटी टेबलावर परतले म्हणायचं.

एसएसआयचा एकहाती परवाना १९९४ साली गेला. त्याच वर्षी कंपनीही विकली गेली. पुढे 'बाल्डर्स गेट' (१९९८) आला आणि लढाया धावत्या वेळेत, हवं तेव्हा थांबवत होऊ लागल्या; घरं मोजायची रीत पंचवीस वर्षं मागे पडली. लॅरियननं पाळीपाळीची लढाई परत आणली तेव्हा जाणत्यांना गोल्ड बॉक्सची आठवण झाली ती उगीच नाही.

या पुस्तकाची मांडणी वर्षवार नाही. आधी पट, मग कागद, मग नियम, आणि शेवटी एकेक गेम असा क्रम आहे. ज्यांना केवळ गेमांबद्दल वाचायचं आहे त्यांनी थेट मागून सुरुवात केली तरी बिघडत नाही. थॅकोचे तक्ते मी मुद्दाम परिशिष्टात टाकले आहेत.

वाचण्याबरोबर खेळायचंही असेल तर जुने गेम आता ऑनलाइन दुकानांत स्वस्तात मिळतात, जर्नल आणि कोड व्हीलच्या प्रतींसकट. 'पूल ऑफ रेडिअन्स'पासूनच सुरुवात करा, नाण्यांचा जाच धरूनही. टोळीत दोन क्लेरिक घ्या, दोन लढवय्ये पुढे ठेवा, जादूगाराला झोपेचा मंत्र पाठ करून ठेवायला लावा. तांबं जिथे सापडेल तिथेच सोडा. झोपडपट्टीत ट्रोल दिसले आणि तुम्ही अजून पहिल्या पातळीवर असाल तर मागे फिरा. आणि जर्नल सलग वाचून काढू नका. गेम क्रमांक सांगेल तेव्हा तेवढीच नोंद उघडा.